बंगळूरचा सौदा आणि गहाणाचे कागद

सतराव्या शतकाच्या अखेरीस बंगळूर हे अख्खे शहरच विकायला निघाले होते. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून घेतलेले हे ठाणे शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्यांच्यामागे त्यांचे पुत्र व्यंकोजी यांच्याकडे राहिले. व्यंकोजी तंजावरला स्थिरावल्यावर दूरचे बंगळूर राखणे जड जाऊ लागले, म्हणून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाख रुपयांची बोलणी झाली. व्यवहार पुरा होण्याआधीच, १६८७ च्या जुलैत, मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतले. शेवटी म्हैसूरकरांनी तेच तीन लाख मोगलांना मोजले आणि बंगळूर पदरात पाडून घेतले. रक्कम ठरली होती, गिऱ्हाईकही तयार होते. पण देणाऱ्याच्या हातात देण्यासारखे काही उरलेच नाही. या शहरात घरासाठी कर्ज काढणाऱ्याने आजही व्याजदराच्या आधी हाच प्रश्न विचारायला हवा, असे मला वाटते. घर विकणाऱ्याच्या हातात नेमके काय आहे?

विसाव्या शतकातले बंगळूर कागदांपेक्षा वेगाने वाढत गेले. १९४५ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड आले, १९७६ मध्ये त्याच्या जागी विकास प्राधिकरण, म्हणजे बीडीए, आले. पण सरकारी कारखान्यांनी ओढून आणलेल्या माणसांना पुरतील इतक्या साइट त्यांना पाडता आल्या नाहीत. ती पोकळी गृहनिर्माण सोसायट्यांनी आणि ‘रेव्हेन्यू साइट’ विकणाऱ्यांनी भरली. रेव्हेन्यू साइट म्हणजे बिनशेती न करता, आराखडा मंजूर न करता शेतजमिनीवर पाडलेला तुकडा. सोसायटीची वाट तरी सुरक्षित असावी, असे कुणालाही वाटेल. एचएमटी या सरकारी कारखान्याच्या कर्मचाऱ्यांच्या सोसायटीला तर सरकारी भूसंपादनाचा आधार होता. तरी ते संपादन दलालांमार्फत घडवून आणले गेल्याचे दिसल्यावर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते टिकू दिले नाही. पुढे २००७ मध्ये शंभरावर गावे महापालिकेत आली. अनियमित बांधकामांकडूनही कर तर घ्यायचा होता, म्हणून त्यांची नोंद वेगळ्या वहीत होत राहिली. हाच तो बी-खाता. लोकांनी तो मालकीचा पुरावा मानला. वास्तविक ए असो वा बी, खाता ही कर आकारणीची नोंद आहे. मालकी त्याने सिद्ध होत नाही. अशी बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याची ‘अक्रम-सक्रम’ योजना जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली आणि त्या भरवशावर घर घेतलेली कुटुंबे मध्येच लटकली.

यावर नेहमीचे उत्तर असते की बँकेचा वकील कागद तपासतोच. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे मालमत्ता स्वच्छ. हे उत्तर मला पटत नाही. तो वकील बँकेच्या तारणाची काळजी वाहतो, तुमच्या घराची नव्हे. मालकीत खोट निघाली, तरी कर्ज तुमच्या नावावरच राहते आणि हप्ते थांबत नाहीत. शिवाय बंगळूरमधले बहुतेक गहाण हे मूळ दस्त बँकेकडे ठेवून होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ही सोय कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्या व्यापारी शहरांपुरती होती; पुढे अधिसूचना काढून ती इतर शहरांना मिळाली. सोय झटपट आहे, पण मदर डीडपासूनची, म्हणजे मालकीच्या सर्वांत जुन्या दस्तापासूनची, मूळ साखळी त्याच दिवशी तुमच्या हातून जाते. म्हणून दस्त देण्याआधी त्यांच्या प्रमाणित नकला, दिलेल्या प्रत्येक कागदाची बँकेच्या सहीशिक्क्याची यादी आणि तीस वर्षांची ईसी, म्हणजे बोजांचा दाखला, स्वतःजवळ असला पाहिजे. तीसच वर्षे का? १९६३ च्या मुदत कायद्याने गहाण सोडवण्याच्या दाव्याला तेवढी मुदत दिली आहे, त्यामुळे त्याआतले जुने गहाण अजून डोके वर काढू शकते.

कर्ज घेतल्यानंतरचे रक्षण हिशोबात आहे, आणि इथे महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख गहाणखते आणि कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर होता. मुद्दल किती फिटले हे फक्त सावकाराच्या वहीला ठाऊक असे, आणि ती वही कुळाला वाचता येत नसे. त्यातून आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कुळाला पावती, वर्षाचा खातेउतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला, आणि न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने काय सांगितले ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. व्याजदर बदलला तर हप्त्यावर किंवा मुदतीवर काय परिणाम होईल ते कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत याचा पर्याय त्याला द्या, आणि मुद्दल किती फिटले, व्याज किती गेले, हप्ते किती उरले याचा उतारा दर तिमाहीला द्या. दीडशे वर्षे होत आली, तरी दुखणे तेच आहे. दर चढले की बँक गुपचूप मुदत लांबवते आणि हप्ता तेवढाच राहिल्याने कर्जदार निश्चिंत असतो.

कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याचे स्वातंत्र्यही असेच भांडून मिळालेले आहे. जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास मनाई केली. त्याआधी नव्या गिऱ्हाइकाला स्वस्त दर आणि जुन्याला महाग, असा प्रकार सर्रास चाले, आणि दंडाच्या भीतीने जुना जागचा हलत नसे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या गृहकर्जांचा दर रेपोसारख्या बाहेरच्या मापाला बांधला गेला. तरी जुन्या मापावर राहिलेल्याने अर्ज केल्याशिवाय त्याचे कर्ज आपोआप नव्या मापावर जात नाही.

आता रेरा हा बिल्डरांवर अंकुश ठेवणारा कायदा आहे, नोंदी संगणकावर आहेत, मग एवढी धास्ती कशाला, असेही विचारले जाते. या सुधारणा खऱ्या आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. पण आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्ताची नोंद होते, मालकीची हमी मिळत नाही. चुकीच्या माणसाने केलेला दस्तही नोंदला जाऊ शकतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सामान्य माणूस हे कागद वाचणार कसे? बंगळूरच्या मराठी कुटुंबाला तर जुने कन्नड दस्त उलगडतही नाहीत. म्हणूनच बिल्डरचा नाही, बँकेचा नाही, असा स्वतःचा कन्नड जाणणारा वकील धरावा. त्याची फी वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे काहीच नाही.

कर्ज फिटल्यावर मूळ दस्त तीस दिवसांत परत करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. तो तिसावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा, दस्त जुन्या यादीशी ताडून घ्या आणि बोजा उतरल्याची नोंद दाखवणारी नवी ईसी काढून त्याच फायलीत लावा.