४३ सेकंदांचा सोमवार

डेटा सेंटरमध्ये काम करणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं: "डेटाला हात लावत नाही, फक्त जोडणी बदलतोय." स्टोरेज फायबर चॅनेलवरून आयस्कझीवर न्यायचं असो, जुना स्विच काढून नवा बसवायचा असो की नुसती ऑप्टिकल केबल बदलायची असो, चेंज रिक्वेस्टच्या 'परिणाम' या रकान्यात 'नगण्य' असं लिहिलं जातं आणि वरून मंजुरी येते. डिस्क त्याच, डेटा तोच; सर्व्हरने तिथे कुठल्या वाटेने पोचायचं एवढंच बदलणार असतं.

पण कोणी लिहायचं आणि कोणी नाही, हेही त्या वाटेवरच ठरतं. फायबर चॅनेलवर सर्व्हर एका ओळखीने लॉगिन करतो, आयस्कझीवर दुसऱ्याच. या अदलाबदलीत एखादा व्हॉल्यूम चुकून दोन सर्व्हरना दिला गेला, तर दोघेही आपापल्या हक्काने त्यावर लिहू लागतात आणि फाइल सिस्टिमची वाट लागते. हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर, दोन किनाऱ्यांच्या मध्ये, २०१८ च्या ऑक्टोबरात गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या बाबतीत घडली. कंपनीने नंतर मिनिटामिनिटाचा तपशील स्वतःच जाहीर केला. खालच्या वेळा मुद्दाम भारतीय घेतल्या आहेत, कारण अमेरिकेतला तो रविवार आपल्याकडे सोमवार होऊनच उजाडला होता.

सोमवार, २२ ऑक्टोबर, पहाटे ४:२२
अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारच्या संध्याकाळचे ६:५२. गिटहबच्या तिथल्या नेटवर्क हबमध्ये बिघडत चाललेली १०० जी क्षमतेची ऑप्टिकल उपकरणं बदलण्याचं काम चालू आहे. नेहमीचं देखभालीचं काम. त्यात हब आणि मुख्य डेटा सेंटर यांच्यातला संपर्क तुटतो आणि ४३ सेकंदांत परतही येतो.

खरा घोळ या ४३ सेकंदांतच झाला, म्हणून इथे जरा थांबायला हवं. तेव्हा गिटहबच्या गिट रिपॉझिटरी एकीकडे असत. इश्यू, पुल रिक्वेस्ट, कमेंट, लॉगिन हा सगळा बाकीचा पसारा मायएसक्यूएलच्या अनेक क्लस्टरमध्ये. प्रत्येक क्लस्टरमध्ये लिहून घेणारा सर्व्हर एकच, तो प्रायमरी. बाकीच्या रेप्लिका त्याची नक्कल ठेवत आणि फक्त वाचायला देत. प्रायमरी पडला तर त्याच्या जागी कोणाला बसवायचं, हे ठरवायला ऑर्केस्ट्रेटर नावाचं सॉफ्टवेअर होतं. तेही एका जागी नव्हतं. त्याच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी चालत आणि राफ्ट पद्धतीने बहुमताने निर्णय घेत.

संपर्क तुटताच पूर्वेच्या मुख्य डेटा सेंटरमधल्या ऑर्केस्ट्रेटरचं नेतेपद गेलं. पश्चिम किनाऱ्याचं डेटा सेंटर आणि पूर्वेच्याच पब्लिक क्लाउडमधल्या प्रती एकमेकींना दिसत होत्या. त्यांचं बहुमत झालं. पूर्वेचे प्रायमरी गेले असं त्यांनी धरलं आणि पश्चिमेचे सर्व्हर प्रायमरी म्हणून नेमले. यात सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. त्याला जसं बसवून दिलं होतं तसंच ते वागलं. एवढ्या लांबच्या प्रायमरीवर आपलं ॲप्लिकेशन चालेल का, हा प्रश्न ती मांडणी करणाऱ्यांनी स्वतःला विचारायचा होता.

संपर्क परत येताच ॲप्लिकेशन निमूटपणे पश्चिमेला लिहू लागलं. पूर्वेच्या प्रायमरींवर मात्र मधल्या काही सेकंदांच्या नोंदी राहून गेल्या होत्या. त्या पश्चिमेला कधी पोचल्याच नव्हत्या. एका दुकानाच्या दोन खातेवह्या झाल्या आणि दोन्हींत वेगवेगळ्या नोंदी पडल्या. आता कुठलीही एक फाडली तरी कोणाचा तरी हिशेब बुडणार होता.

४:२४
अलार्म वाजू लागतात. एका वेळी इतके, की त्यातला महत्त्वाचा कोणता हे निवडण्यातच आधी वेळ जातो.

४:३२
अनेक क्लस्टरची रचना भलतीच झाली आहे, हे पहिल्या फळीतल्या इंजिनिअरांच्या ध्यानात येतं. ऑर्केस्ट्रेटरला रचना विचारली तर यादीत फक्त पश्चिमेचे सर्व्हर. पूर्वेचा एकही नाही. ज्या डेटा सेंटरवर सगळं चालतं त्याचं नावच यादीत नसावं, हे पाहणाऱ्याच्या पोटात काय गोळा आला असेल, हे या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

४:३७ ते ४:४१
नवं डिप्लॉयमेंट कोणी करू नये म्हणून ती यंत्रणा हाताने बंद केली जाते. स्टेटस पेज पिवळं होतं. घटनेची सूत्रं सांभाळणारा समन्वयक हजर होतो आणि दोन मिनिटांत पेज लाल करतो.

४:४३
डेटाबेसच्या आणखी इंजिनिअरांना बोलावणं जातं. पूर्वेचे प्रायमरी हाताने परत नेमायचे का, याचा विचार सुरू होतो. पण निर्णय होईपर्यंत उशीर झालेला असतो. पश्चिमेने सुमारे ४० मिनिटांच्या नव्या नोंदी घेतलेल्या. मागे फिरावं तर त्या जातात. पुढे जावं तर ॲप्लिकेशन पूर्वेला आणि डेटाबेस पश्चिमेला. प्रत्येक नोंदीसाठी अख्खा देश ओलांडून जायचं नि यायचं. एका पानासाठी अशा कित्येक फेऱ्या होतात, त्यामुळे साइट अनेकांना वापरता येण्याजोगी राहत नाही.

इथे त्यांनी निवड केली: वेळ लागला तरी चालेल, वापरकर्त्यांचा डेटा जाऊ द्यायचा नाही. दुसरा रस्ता मोहाचा होता. पूर्वेकडे झटकन परत फिरून 'साइट सुरू झाली' असं जाहीर करता आलं असतं आणि ४० मिनिटांच्या नोंदींची बोंब नंतर निस्तरता आली असती.  माझ्या मते डेटा जपणं हा त्या दिवसातला सगळ्यात शहाणा निर्णय होता, आणि त्याचीच किंमत पुढचे २४ तास मोजावी लागली.

४:४९
वेबहुक (काही घडलं की इतर यंत्रणांना जाणाऱ्या सूचना) पाठवणं आणि गिटहब पेजेसचे (गिटहबवरून चालणाऱ्या वेबसाइटचे) बिल्ड जाणूनबुजून थांबवले जातात.

५:३५
आराखडा ठरतो: बॅकअपमधून पूर्वेचे क्लस्टर पुन्हा उभे करायचे, पश्चिमेकडून त्यांची बरोबरी करून घ्यायची, मग मूळ रचनेवर परतायचं आणि शेवटी साठलेली कामं उरकायची. बॅकअप दर ४ तासांनी होत होता, पण ठेवलेला होता दूरच्या पब्लिक क्लाउडमध्ये. कित्येक टेराबाइट डेटा तिथून ओढायचा, उलगडायचा, तपासायचा, नव्या सर्व्हरवर चढवायचा. बॅकअप परत चढवून बघण्याची चाचणी रोज व्हायची. अख्खा क्लस्टर बॅकअपमधून उभा करण्याची वेळ मात्र याआधी कधीच आली नव्हती.

६:११
सगळ्या बाधित क्लस्टरची पुनर्स्थापना सुरू होते. तिकडे रात्र होत चालली आहे, इकडे लोक ऑफिसला निघायच्या तयारीत. दसरा होऊन चारच दिवस झाले होते. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत ज्यांचा कोड गिटहबवर होता त्यांचा अख्खा कामाचा दिवस यात सापडला: कमेंट टाकली तर दिसत नाही, पुश केला तर पुढचा बिल्ड सुटत नाही.

दुपारी १२:२१
काही क्लस्टर पूर्वेला उभे राहतात आणि पश्चिमेकडून नवा डेटा घेऊ लागतात.

१:१६
कंपनी सविस्तर निवेदन काढते. तेही रखडलं होतं, कारण कंपनीचा ब्लॉग गिटहब पेजेसवर चालायचा आणि त्याचे बिल्ड त्यांनीच बंद ठेवले होते!

४:४२
सगळे प्रायमरी पूर्वेला परत येतात आणि साइट हलू लागते. पण वाचायच्या डझनावारी रेप्लिका अजून काही तास मागे आहेत, त्यामुळे एकाच माणसाला एका क्षणी ताजं आणि दुसऱ्या क्षणी शिळं दिसतं.

६:४५
युरोप आणि अमेरिका दोन्ही कामाला लागल्याने गर्दी शिगेला पोचत आलेली. रेप्लिकांची पिछाडी कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागते. पिछाडी सरळ रेषेत भरून निघेल या हिशेबाने दिलेले दुरुस्तीचे अंदाज चुकतात. क्लाउडमध्ये जादा रेप्लिका उभ्या करून ओझं वाटून दिलं जातं.

रात्री ९:५४
रेप्लिका बरोबरीला येतात आणि मूळ रचना परत मिळते.

१०:१५
साचलेल्या कामांचा उपसा सुरू होतो: ५० लाखांहून जास्त वेबहुक आणि ८० हजार पेजेस बिल्ड. यात सुमारे २ लाख वेबहुकची आतली मुदत उलटून गेलेली असते. ते गळून पडत आहेत हे लक्षात आल्यावर काम थांबवून मुदत वाढवली जाते.

मंगळवार, पहाटे ४:३३
स्टेटस पेज हिरवं. एकूण २४ तास ११ मिनिटं.

त्याच आठवड्यात, २६ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने गिटहब ताब्यात घेण्याचा व्यवहार पूर्ण झाला. सौदा जूनमध्येच जाहीर झाला होता, त्यामुळे समाजमाध्यमांवर 'बघा, मायक्रोसॉफ्ट आली आणि बंद पडलं' असं म्हणायची संधी अशा वेळी कोण सोडतं?

ज्या नोंदी पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या त्यांचे लॉग गिटहबने जपून ठेवले होते. सर्वाधिक राबत्या क्लस्टरपैकी एकात अशा ९५४ नोंदी निघाल्या. त्यातल्या काही वापरकर्त्यांनी स्वतःच पुन्हा केल्या होत्या; उरलेल्यांपैकी कुठल्या आपोआप जुळवायच्या आणि कुठल्यांसाठी माणसांशी बोलायचं, हे तपासायला अनेक टीम बसल्या. आणि ऑर्केस्ट्रेटरच्या मांडणीत बदल ठरला: यापुढे एका किनाऱ्याचा प्रायमरी आपोआप दुसऱ्या किनाऱ्यावर न्यायचा नाही.