तापाचा रकाना

‘घरात कोणाला ताप आहे का?’ हा प्रश्न पूर्व विदर्भातल्या खेड्यांना नवा नाही. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण तलाव, धानाच्या बांध्या आणि देवरी-सालेकसाकडचे जंगल असलेल्या या मुलखात तापाची मोजणी त्याहून पुष्कळ जुनी आहे.

इंग्रजी अमलात हा भाग मध्य प्रांतात होता. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू पोलीस ठाण्यात कळवी. कारणांत पटकी, देवी, प्लेग आणि एक ऐसपैस रकाना ‘ताप’. हिवताप, विषमज्वर, सारे त्यातच. मोजला जाई तो मेलेला माणूस, आजारी नव्हे.

१९५८ साली हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. कर्मचारी दर पंधरवड्याला घरोघर जाऊन तापकऱ्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेत. देशातले रुग्ण १९६५ साली सुमारे एक लाखावर आले, पण १९७६ मध्ये चौसष्ट लाखांवर गेले. मोजणीपुरते बोलायचे, तर पंधरा दिवस फार होतात. फाल्सिपेरम जातीचा परजीवी दर ४८ तासांनी नव्या तांबड्या पेशी फोडतो. आणि रोवणीच्या दिवसांत भर दुपारी घरी सापडणार कोण?

फ्रान्समध्ये उलट घडले. तिथे १९६६ पासून रात्री-अपरात्री घरी येणाऱ्या डॉक्टरांची ‘एसओएस मेदसँ’ ही संघटना आहे. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत तिथे सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. त्यानंतर या डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे जाऊ लागल्या आणि त्यांवरून फ्ल्यू, जुलाब यांचा आठवड्याचा अंदाज निघू लागला. डॉक्टर उपचाराला जातच होते, मोजणी आपसूक झाली.

आपल्याकडे २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला. महाराष्ट्र पहिल्याच तुकडीत होता. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून आरोग्यसेविकेने लक्षणे, डॉक्टरने संशयित निदान आणि प्रयोगशाळेने पक्के निदान कळवायचे. सेविकेच्या तक्त्यात पुन्हा ‘ताप’ आलाच! पण आम्हांला हा रकाना कोतवालाच्या रकान्याहून शहाणा वाटतो. त्यात रोगाचे नाव सांगण्याचा आव नाही. याच गावाचा मागचा आठवडा, मागच्या वर्षीचा हाच आठवडा यांच्याशी ताडून पाहायचे, एवढेच. त्यासाठी आकडा पूर्ण नसला तरी चालतो, दर वेळी सारख्याच रीतीने घेतलेला हवा. म्हणून शून्यही लिहायचे. हजेरीपत्रकातल्या कोऱ्या चौकटीचा अर्थ शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

२०२१ पासून या नोंदी आठवड्याची वाट न पाहता संगणकावर भरण्याची सोय झाली. मात्र मोटारसायकलीवरून दारी येऊन सुई टोचून जाणाऱ्या खासगी डॉक्टरचे रुग्ण बहुधा कोणत्याच तक्त्यात येत नाहीत. खेड्यातला ताप पहिल्यांदा पुष्कळदा त्यालाच दिसतो.