सीमेपलीकडचा खर्च

हिशेबाच्या कामात काही वर्षे घालविलेल्या मनुष्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तूट आली की पहिला संशय जवळच्या माणसावर जातो. रक्कम दूरच्या दाराने गेली असेल, हे फार उशिरा सुचते. आम्ही पेशाने कारकून असल्यामुळेच की काय, पृथ्वीभोवतालच्या विद्युत्कणांच्या तुटीचा इतिहास वाचताना तो आम्हांस विलक्षण ओळखीचा वाटला.

पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रास कड असावी, ही कल्पना १९३०-३१ साली सिडनी चॅपमन व व्हिन्सेन्झो फेरारो यांनी मांडली. सूर्याकडून येणारा भारित कणांचा लोंढा या क्षेत्रावर आदळून त्यास दाबील, पण आत शिरणार नाही, असे त्यांचे गणित होते. त्या कडेच्या आत काय साठले आहे, हे मात्र १९५८ पर्यंत कोणास कळले नाही. त्या वर्षी जेम्स व्हॅन ॲलन यांचे गायगर गणित्र घेऊन ‘एक्सप्लोरर-१’ आकाशात गेला. ते गणित्र उंचावर मुके होई. कण नव्हते म्हणून नव्हे, तर मोजण्यापलीकडे होते म्हणून! पुढे १९६१ साली ‘एक्सप्लोरर-१२’ने ती कडही प्रत्यक्ष ओलांडली. सूर्याच्या बाजूस ती पृथ्वीच्या केंद्रापासून सामान्यतः दहा पृथ्वीत्रिज्या, म्हणजे सुमारे चौसष्ट हजार किलोमीटर, अंतरावर असते.

येथवर सारे ठीक होते. पण सूर्यावरून वादळ आले की बाहेरच्या पट्ट्यातील इलेक्ट्रॉन काही तासांतच शतांशाने उरत, कधी त्याहूनही कमी. गेले कोठे? संशय खाली, वातावरणाकडे वळला. आणि तो अगदीच निराधार नव्हता. चुंबकावरणातील लहरी इलेक्ट्रॉनांस हेलकावे देतात, त्यांतील काही ध्रुवांकडील हवेत उतरतात व तेथे नष्ट होतात, हे खरेच आहे. शिवाय काही तूट निव्वळ भासमान असते. क्षेत्र क्षीण झाले की कण बाहेर सरकतात व त्यांची ऊर्जा घटते, आणि वादळ ओसरल्यावर ते परत जागेवर येतात.

तिसरी वाट बाहेरची. ज्यांची ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आहे, असे इलेक्ट्रॉन पृथ्वीभोवती पूर्वेकडे वाहत दहा-पंधरा मिनिटांत एक फेरी पुरी करतात. सौरवाताने कड आत दाबली की कालपर्यंत आतल्या आत पुरी होणारी त्यांची वाट आता कडेला छेदते. तेथे पोहोचलेला कण फेरी पुरी करीत नाही. तो बाहेर निसटतो. बाहेरचे असे रिते झाले की आतले त्या रिकाम्या जागेकडे सरकतात, आणि तेही त्याच वाटेने जातात. आमच्या मते या कथेतील खरा मजेचा भाग हाच. कुंपणाने आतल्यांस राखावे, तर कुंपणच चालत येऊन त्यांस बाहेर घालवते!

पुरावा मिळावयास मात्र दीर्घ काळ जावा लागला, कारण एकच यान एका वेळी सर्वत्र असू शकत नाही. ६ जानेवारी २०११ रोजी आलेल्या एका लहानशा वादळात ‘थेमिस’ची याने, भूस्थिर उपग्रह आणि ध्रुवांवरून जाणारे खालचे उपग्रह यांच्या नोंदी एकत्र ताडून पाहता आल्या. टर्नर व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: त्या वादळातील तुटीचा मोठा भाग हवेत उतरला नव्हता, तो कडेपलीकडे गेला होता. सगळ्याच वादळांचा हिशेब असा सुटत नाही, हेही सांगितले पाहिजे. काहींत हवेचा वाटा मोठा निघतो.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. आपल्या ‘इन्सॅट’सारखे भूस्थिर उपग्रह जमिनीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर फिरतात. तीव्र वादळात कड त्यांच्याही आत येते आणि ते काही काळ उघड्यावर पडतात. उलट कण आत राहिले व पुढे वाढले, तर तेच उपग्रहांच्या यंत्रांत शिरून बिघाड करतात. म्हणून किती गेले आणि कोणत्या दाराने गेले, हे जाणणे भाग आहे.

कड दाबली गेल्याची वर्दी जमिनीवरही मिळते. चुंबकक्षेत्राच्या आलेखात रेषा एकाएकी वर उडी घेते. ट्राम विजेवर चालणार म्हणून कुलाब्याची वेधशाळा १९०४ साली अलिबागेस हलविण्यास आरंभ झाला, हे आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक असेल. दिल्ली-कलकत्त्याच्या कचेऱ्यांत बसलेल्या आपण मंडळींनी कधी सुटीत गावी जाताना तिकडे वाट वाकडी करावी. तेथल्या जुन्या आलेखांत अशा कितीतरी उड्या उमटलेल्या आहेत. प्रत्येक उडी म्हणजे चौसष्ट हजार किलोमीटरवरच्या त्या कडेस बसलेला एक धक्का.