राखणीची बंदूक आणि नेमाची रायफल

सिंधुदुर्गातील बंदुकीचा इतिहास बहुधा किल्ल्यापासून सुरू केला जातो आणि किल्ल्यापाशीच संपवला जातो. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी उभारलेल्या सिंधुदुर्गाच्या तटावरील तोफा आणि इंग्रज-मराठे झुंजी यांनी हा विषय इतका व्यापला आहे, की मालवण, कुडाळ, सावंतवाडी या तालुक्यांतील घरांत परवान्यासह नांदणारी साधी बंदूक इतिहासलेखनाच्या बाहेरच राहिली. ही बंदूक भातशेती आणि काजूच्या बागा राखण्यासाठी घेतलेली असते. जेथे बंदूक इतक्या सहजपणे घरात दिसते, तेथे केवळ नेमबाजीच्या आनंदासाठी घेतलेली, कमी व्यासाच्या गोळीची, परवडणारी रायफल मात्र दुर्मीळ का राहिली, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर दुकानातील किमतीत कमी आणि कायद्याच्या घडणीत अधिक सापडते.

एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर तीन राजवटी एकमेकींना लागून होत्या. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे आले व पुढे हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात राहिला. कुडाळ आणि बांदे यांसह आतला मुलूख सावंतवाडी संस्थानाचा होता, तर तेरेखोलपलीकडे पोर्तुगीजांचा गोवा होता. १८४४-४५ मध्ये सावंतवाडीत उठाव झाला, तेव्हा मनोहर आणि मनसंतोष हे सह्याद्रीतील गड इंग्रजी फौजेला लढून घ्यावे लागले आणि उठावकऱ्यांतील अनेक जण सीमा ओलांडून गोव्यात गेले. अशा मुलखात रयतेच्या हातातील हत्यार हा सरकारच्या दृष्टीने शेतीचा नव्हे, बंदोबस्ताचा विषय ठरला यात नवल नाही. १८५७ नंतरच्या धास्तीतून वाढत गेलेल्या निर्बंधांना १८७८ च्या शस्त्र कायद्याने पक्के रूप दिले. ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले, मात्र युरोपीयांना नियमांद्वारे सूट मिळाली. या भेदभावाविरुद्ध राष्ट्रीय सभेने पहिल्या काही अधिवेशनांतच आवाज उठवला होता. तो राग रास्त होता, कारण रानडुकराने भात लोळवले तर नुकसान शेतकऱ्याचे होत असे आणि ते रोखण्याचे साधन त्याने ठेवावे की नाही, हे मात्र कचेरीत ठरत असे.

शेतकऱ्याच्या वाट्याला आली ती ठासणीची बंदूक. या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी काळी दारू, मग बोळा, मग छर्रे किंवा गोळी घालून ते सारे गजाने ठासावे लागते आणि मागच्या बाजूला बसवलेल्या केपवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या लहानशा टोपीवर, घोडा आदळला की बार होतो. एका बारानंतर ही सगळी क्रिया पुन्हा करावी लागते. शिवाय काळी दारू हवेतील ओल ओढून घेते, म्हणून कोकणच्या पावसात ती कोरडी राखणे हे एक वेगळेच काम होऊन बसते. तरीही मांगरात जागणाऱ्या राखणदाराचे काम तिने भागत असे, कारण जनावर मारले गेले नाही तरी बाराच्या आवाजाने कळप हलतो, आणि पुष्कळदा तेवढेच पुरेसे असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आल्यावर तर जनावरावर गोळी झाडणे परवानगीविना शक्यच उरले नाही. नेमबाजीच्या दृष्टीने मात्र या बंदुकीला मर्यादा आहे. तिची नळी आतून गुळगुळीत असते, त्यामुळे गोळीला फिरकी मिळत नाही आणि ती प्रत्येक वेळी थोडी वेगळ्या वाटेने जाते.

रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा कोरलेल्या असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते आणि म्हणून सरळ जाते. अशा रायफलीला स्वस्त खाद्य मिळाले ते .२२ च्या काडतुसामुळे. अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये बाजारात आणलेल्या '.२२ लाँग रायफल' या काडतुसात पेट घेणारे रसायन बुडाच्या कडेतच भरलेले असते, गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर व वजन जेमतेम अडीच ग्रॅम असते, धक्का नगण्य असतो आणि उत्पादन अत्यंत कमी खर्चात होते. बोअर युद्धात आपल्या सैनिकांचा नेम किती कच्चा आहे हे उघड झाल्यावर इंग्लंडमध्ये लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने कामकरी वर्गाचे रायफल क्लब निघाले, ते याच लहान काडतुसाच्या बळावर. तिकडे गिरणीतला मजूर संध्याकाळी क्लबात जाऊन नेम धरू लागला, त्याच दशकात मालवणच्या कुळवाड्याला दारू आणि केप यांचाही हिशेब द्यावा लागत होता.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र कायद्यात बदलले. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील (तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला) कलम १३ मध्ये मुळात दोन गरजा शेजारीशेजारी मांडल्या होत्या: खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या वा संघटनेच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी .२२ रायफल किंवा हवेची रायफल. दोन्हींसाठी परवाना देण्याची तरतूद एकाच उपकलमात आहे. परंतु पहिल्या दारातून जायला सातबारा आणि जनावरांचा उपद्रव पुरतो, तर दुसऱ्या दारातून जायला आधी क्लब असावा लागतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही होते. कोकणाशी नाते सांगणाऱ्या माणसाने उभारलेल्या या संघटनेचे जाळे मात्र कोकणाच्या दक्षिण टोकापर्यंत विरळच पोहोचले. मैदाने मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा शहरांत झाली.

त्यामुळे 'परवडणारी रायफल' या शब्दप्रयोगाचा अर्थ सिंधुदुर्गात निराळा होतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची खाजगी आयात जवळपास थांबल्यावर जुन्या ब्रनो किंवा बीएसए रायफली वारसाहक्काने किंवा चढ्या किमतीने हस्तांतरित होऊ लागल्या. देशी पर्याय म्हणून इशापूरच्या सरकारी कारखान्याची .२२ रायफल उरली. रायफल मिळाली तरी परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवे, काडतुसांची संख्या परवान्यावर नोंदलेली हवी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुरक्षित मैदान हवे, कारण .२२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. माडांच्या बागेत किंवा घराच्या परड्यात ती झाडणे हा विचारच अक्षम्य आहे. म्हणूनच येथील बहुतेक तरुणांनी .२२ रायफल पहिल्यांदा हातात घेतली ती राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात, २५ मीटरच्या लक्ष्यासमोर. मैदान, काडतूस आणि देखरेख तिन्ही सरकारची असल्याने खर्चाचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही, आणि या जिल्ह्यातील नेमबाजीच्या प्रसारात या शिबिरांचे श्रेय आजवर जितके मानले गेले त्याहून पुष्कळ मोठे आहे.

हौशी माणसासाठी खरा बदल हवेच्या रायफलीने घडवला. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची हवेची रायफल परवान्याशिवाय घेता येते. तुलनेसाठी, .२२ च्या गोळीची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल असते, तर दहा मीटरच्या स्पर्धेतील हवेच्या रायफलीची साडेसात ज्यूलच्या आसपास. यात दोन जाती आहेत. स्प्रिंगच्या रायफलीत नळी मोडून स्प्रिंग ताणायची, ती सुटली की दट्ट्या हवा दाबतो आणि शिशाची गोळी बाहेर पडते. ही स्वस्त आणि टिकाऊ असते, पण तिच्या उलटसुलट धक्क्यामुळे नेम पक्का व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या जातीत आधीच दाबून भरलेल्या हवेची टाकी असते. धक्का जवळपास नसतो, मात्र टाकी भरण्याचा पंप आणि देखभाल यांचा खर्च किमतीत धरावा लागतो. प्रेसिहोलसारख्या देशी कंपन्यांमुळे ही दुसरी जातही आता मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली आहे. नुसत्या विरंगुळ्यासाठी पहिली आणि स्पर्धेकडे डोळा असल्यास दुसरी, ही निवड योग्य म्हणता येते. जास्त ऊर्जेच्या आकड्याला भुलणे मात्र व्यर्थ, कारण कागदाला भोक पाडण्यास थोडीच ऊर्जा लागते. येथील दोन गोष्टी कोणत्याही माहितीपत्रकात छापलेल्या नसतात. खारी हवा पोलादाला पावसाळ्यात काही दिवसांत गंज चढवते, म्हणून वापरानंतर लगेच तेलाचा हात फिरवावा लागतो. आणि जांभ्या दगडाच्या गडग्यावर आपटलेली शिशाची गोळी उलटी येऊ शकते, म्हणून लक्ष्यामागे वाळूची पेटी आणि डोळ्यांवर चष्मा अनिवार्य ठरतो.

हवेच्या रायफलीला १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये प्रथम स्थान मिळाले आणि दहा मीटर लांबीची एखादी खोलीही मैदानाचे काम करू लागली. अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीत याच प्रकारात अंतिम फेरी गाठल्यावर महाराष्ट्रातील लहान गावांतही हा खेळ पोहोचला. पन्नास मीटरच्या .२२ प्रकारात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, तर त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग यांच्यामध्ये केवळ घाट आहे. परंतु दहा मीटरवर हात बसलेल्या सिंधुदुर्गाच्या मुलाला .२२ कडे वळायचे झाल्यास तो घाट चढूनच जावे लागते.