अंतर्गत प्रश्न कोणाचा?

बुलडाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. घराण्यातला पहिला पदवीधर. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेष शिकवू लागलो की वर्गातून हटकून प्रश्न येतो, "सर, आपल्या गावकुसाचं काय?" आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर आहे आणि ते आपल्या राज्यकर्त्यांना अडचणीचे आहे.

1946 साली भारताने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या छळाची तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. तेथील गोऱ्या सरकारने बचाव केला, 'हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे.' आमसभेने तो मानला नाही. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यही त्याच वाटेने जाण्याचा विचार करीत होते. परदेशातील भारतीयांसाठी जे दार ठोठावले गेले, तेच देशातील अस्पृश्यांसाठीही उघडावे, एवढाच याचा अर्थ.

1965 साली वांशिक भेदभाव निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पहिल्या कलमात वंश, रंग यांच्यासोबत 'जन्मकूळ' हाही भेदभावाचा आधार मानला आहे. हा शब्द भारताच्याच दुरुस्तीने तेथे आला. 1968 साली भारताने कराराला मान्यता दिली.

पुढे 2001 साली, वर्णद्वेषी राजवट संपलेल्या त्याच दक्षिण आफ्रिकेत, डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्ते तेथे जातीचा प्रश्न घेऊन गेले. भारत सरकारची भूमिका अशी की, जात म्हणजे वंश नव्हे आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे! पंचावन्न वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या तोंडी जे वाक्य होते, तेच आता आपल्या सरकारच्या तोंडी आले. परिषदेच्या अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही. परंतु 2002 साली या कराराच्या समितीने स्पष्ट केले की 'जन्मकूळ' या शब्दात जातही येते.

तेवढ्याने आपल्या तालुक्यातल्या माणसाला न्याय मिळाला का? नाही. समितीकडे वैयक्तिक तक्रार नेण्याची सोय याच कराराच्या चौदाव्या कलमात आहे. भारताने ती स्वीकारलेली नाही. तेव्हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेण्याचा झगडा आपल्याला चुकत नाही. पण चौदावे कलम स्वीकारा, ही मागणीही आपण लावून धरली पाहिजे. 1946 साली दुसऱ्याच्या घरातील अन्याय ज्यांनी जगासमोर मांडला, त्यांना आपल्या घराचे दार बंद ठेवण्याचा नैतिक अधिकार नाही.