वाळूंत पुरलेली मोटार



जुन्या मोटारी गोळा करून त्या पुन्हा चालत्या करण्याचा नाद आपल्याकडेहि दिसूं लागला त्यास आतां बरीच वर्षें झालीं. मुंबईस एखाद्या रविवारीं पितळी दिव्यांच्या, उंच टपाच्या गाड्यांची मिरवणूक निघते आणि रस्त्याच्या दुतर्फा माणसें कौतुकानें उभीं राहतात. श्रीमंतांचा खेळ, असें म्हणून आपण पुढें जातों. मीहि तसेंच म्हणत आलों. परंतु आज ज्या मोटारीची हकीकत सांगण्याचें मीं योजिलें आहे, ती कोणा श्रीमंताच्या तबेल्यांतून निघालेली नाहीं. ती बेचाळीस वर्षें समुद्रकांठच्या वाळूंत पुरलेली होती. आणि तिला बाहेर काढणारा गृहस्थ माझ्यासारखाच शिक्षकी पेशांतला होता. यंत्रविद्या मी शिकलों नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तरीहि या हकीकतीशीं माझें एक जुनें देणें गुंतलेलें आहे. तें ओघानें येईलच.

प्रथम स्थळ सांगतों. वेल्स या डोंगराळ देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन नांवाचें एक लहानसें गांव आहे. गांवापुढें सुमारें सात मैल लांबीची सपाट पुळण पसरलेली आहे. ओहोटी लागली म्हणजे ओली वाळू घट्ट बसते आणि तिच्यावर चाक रुतत नाहीं. मोटारीचा वेग मोजण्यास लांब, सरळ आणि मोकळी वाट लागते. तशी वाट त्या काळच्या विलायतेंत रस्त्यावर कोठेंच नव्हती. इंग्लंडांत १८९६ सालीं कायदा बदलून मोटारीस ताशी १४ मैलांपर्यंत धांवण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां लोकांनीं लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारी पळवून उत्सव केला होता. त्यानंतर अवघ्या तीस वर्षांत तोच वेग दीडशें मैलांच्या पलीकडे गेला आणि धाडसी माणसें पुळणी शोधूं लागलीं.

आपल्या गाडीचा जन्म एका हौशी काउंटाच्या घरीं झाला. त्याचें नांव लुई झ्बोरोव्हस्की. कॅंटरबरीजवळ हायम येथें त्याची मोठी वाडी होती आणि अवाढव्य मोटारी बांधणें हा त्याचा छंद होता. या गाडींत त्यानें विमानाचें एंजिन बसविलें. अमेरिकेनें १९१७ सालीं युद्धासाठीं बनविलेलें ‘लिबर्टी’ जातीचें हें एंजिन बारा सिलिंडरांचें, २७ लिटरांचें होतें. हा आंकडा नुसता ऐकून कळावयाचा नाहीं, म्हणून असें सांगतों: आज आपल्या गल्लींतून जाणाऱ्या लहान मोटारीचें सबंध एंजिन एक-सव्वा लिटरचें असतें, येथें एकेका सिलिंडरचीच मजल सव्वादोन लिटरांची. गियरपेटी महायुद्धापूर्वींच्या एका जर्मन शर्यतीच्या गाडीची आणि तेथून मागच्या चाकांस फिरविणारी साखळी. सायकलीस असते तीच युक्ति, मात्र दोन्ही बाजूंस एक एक आणि कितीतरी पट जाड. १९२४ सालीं मोंझा येथील शर्यतींत हा काउंट मारला गेला आणि त्याची गाडी १२५ पौंडांस विकली गेली.

ती घेणारा जॉन गॉडफ्री पॅरी-टॉमस हा वेल्समधील रेक्सहॅम येथें १८८४ सालीं जन्मलेला, एका धर्मोपदेशकाचा मुलगा. तो लेलंड कंपनीचा मुख्य एंजिनिअर होता. आपल्याकडे ‘अशोक लेलंड’ हें नांव ट्रकांवर दिसतें, त्यांतलें लेलंड तें हेंच. पुढें नोकरी सोडून तो ब्रुकलंड्स येथील शर्यतीच्या वाटेलगत एका बंगल्यांत एकटाच राहूं लागला. त्यानें काउंटाची गाडी उलगडली, एंजिनास स्वतः योजिलेले पिस्टन व चार कार्ब्युरेटर बसविले आणि तिला ‘बॅब्स’ हें बार्बारा या नांवाचें लाडकें रूप दिलें. १९२६ च्या एप्रिलांत, २७ व २८ तारखेस, त्यानें ती पेंडाइनच्या पुळणीवर ताशी १७१ मैलांहून किंचित् अधिक वेगानें पळविली. त्यापूर्वींचा उच्चांक १५२ मैलांचा होता! हातीं मोठी कंपनी नाहीं, दुसऱ्यानें टाकलेली गाडी, आणि एका उडींत एकोणीस मैल.

पुढील वर्षीं ४ फेब्रुवारीस मॅल्कम कॅंबेल यानें त्याच वाळूवर सुमारें १७४ मैलांचा वेग गांठला. टॉमस परत आला. ३ मार्च १९२७ रोजीं धांवतां धांवतां बॅब्स उलटली आणि टॉमस जागच्या जागीं गतप्राण झाला. जमिनीवरील वेगाचा उच्चांक साधण्याच्या प्रयत्नांत मेलेला हा पहिला माणूस. त्यानंतर सव्विसाव्या दिवशीं सीग्रेव्ह यानें अमेरिकेंत डेटोना येथें २०३ मैलांचा उच्चांक केला. ज्या तीन-चार मैलांपायीं टॉमस गेला, ते हिशेबांत धरण्यासारखेहि उरले नाहींत. टॉमसचा देह ब्रुकलंड्सनजीक बायफ्लीट येथील चर्चच्या आवारांत पुरला. गाडीचें जें उरलें होतें त्यासाठीं पेंडाइनच्याच वाळूच्या टेकड्यांत खड्डा खणून त्यावर माती लोटली.

अपघात कसा झाला, याविषयीं एक गोष्ट सर्वत्र पसरली. साखळी तुटली, ती चाबकासारखी वर उसळली आणि तिनें टॉमसची मान छाटली. ही गोष्ट एका जुन्या मासिकांत वाचून मीं पाठ केली होती आणि वर्गांत पोरें कंटाळलीं म्हणजे मी ती रंगवून सांगत असें. एकदां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, साखळी आधीं तुटली कीं गाडी उलटल्यावर?” मला उत्तर येत नव्हतें. मीं त्याला खालीं बसविलें. आणि खोटें कशाला बोलूं, “फाजील प्रश्न विचारूं नकोस” असेंहि म्हणालों. तो मुलगा पुढें मॅट्रिकच्या आधींच शाळा सोडून गॅरेजांत गेला.

आतां खणण्याची हकीकत. ओवेन विन ओवेन हे उत्तर वेल्समधील बॅंगर येथें यंत्रशास्त्राचे अध्यापक; जुन्या मोटारी दुरुस्त करणें हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. बॅब्स कोठें पुरली, याचा अंदाज त्यांनीं जुन्या छायाचित्रांवरून बांधला. पण तो भाग दुसऱ्या महायुद्धापासून लष्कराच्या ताब्यांत होता, तेव्हां सरकारी परवानगी हवी. त्याहून अवघड असा लोकमताचा अडथळा होता. मेलेल्या माणसाचें स्मारक उकरूं नये, असें अनेकांस वाटत होतें. मलाहि प्रथम तसेंच वाटलें. आपल्याकडे जीर्णोद्धार पुण्याचा खरा. पण समाधि उकरण्यास आपण जीर्णोद्धार म्हणत नाहीं. मात्र विचार केल्यावर एक गोष्ट ध्यानीं आली: टॉमसची समाधि बायफ्लीटला आहे, पेंडाइनला नाहीं. वाळूखालीं होतें तें त्याचें हातकाम. आणि खाऱ्या वाळूंत तें जपलें जात नव्हतें, दिवसेंदिवस नाहींसें होत होतें.

१९६९ सालीं ओवेन यांनीं गाडी बाहेर काढली व तो सांपळा उत्तर वेल्समध्यें नेला. खारें पाणी धातूंस सारखें खात नाहीं. पोलादास लागून ॲल्युमिनियम असलें आणि मध्यें मिठाचें पाणी शिरलें, म्हणजे आधीं ॲल्युमिनियम झिजतें, आणि तें झिजेपर्यंत पोलाद कांहींसें वांचतें. म्हणून अशा गाडीचा वरचा पत्रा प्रथम जातो आणि जाड पोलादी सांगाडा, ज्याला आपले कारागीर चासी म्हणतात, तो उरतो. गंजानें एकजीव झालेला नट नुसत्या पान्यानें फिरवूं गेल्यास बोल्टच तुटतो. त्यास तेल पाजावें लागतें, दिव्याच्या ज्योतीनें शेकावें लागतें, निवूं द्यावें लागतें, आणि तरीहि न हलला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हा तेंच. झिजलेला भाग टाकून देतां येत नाहीं, कारण नव्याचा सांचा त्याच्याच मापानें करावयाचा असतो. ओवेन यांस या कामीं सुमारें पंधरा वर्षें लागलीं. जे भाग सर्वस्वीं गेले होते, ते नवे घडवून अगर दुसरीकडून मिळवून बसविले. पत्र्याचें अंग जुन्या छायाचित्रांवरून उभें केलें. अखेरीस तें सत्तावीस लिटरांचें एंजिन पुन्हा गरजलें.

येथें कोणी विचारील कीं, इतकें नवें घातल्यावर ती गाडी बॅब्सच राहिली काय? माझ्या घरीं आजोबांची बाज आहे. तिचें सुंभ किती वेळां नवें विणलें तें सांगतां येणार नाहीं, एक गातहि बदलला आहे. तरी तिला आम्ही आजोबांचीच बाज म्हणतों. मात्र बाजेवर आम्ही निजतों, तिच्याकडे पुरावा म्हणून पाहत नाहीं. जी वस्तु साक्षीदार आहे तिची दुरुस्ती करणाऱ्यानें फार जपलें पाहिजे. कारण रंग चढला कीं साक्ष पुसली जाते. नवी करकरीत दिसणारी जुनी गाडी मला स्वतःला आवडत नाहीं. या नादाच्या पुष्कळ मंडळींस मूळ कारखान्यांतूनहि कधीं आली नसेल अशी चकाकी हवी असते, आणि त्यापायीं ते खरा ओरखडा घासून टाकतात.

ओवेन यांच्या उद्योगांत मला मोल वाटतें तें याचसाठीं, कीं त्यामुळें साक्ष नोंदली गेली. एकेक तुकडा हातीं घेऊन पाहिल्यावर असें दिसूं लागलें कीं, साखळीची गोष्ट टिकत नाहीं. मागील उजवें चाक आधीं निकामी झालें असावें, आणि साखळीचें काय झालें तें त्यानंतरचें. प्रत्यक्ष पाहणारा कोणी आतां उरलेला नाहीं, म्हणून ‘असावें’ एवढेंच म्हणतां येतें. परंतु चाळीस वर्षें छापील कागदावरून कागदावर उतरत आलेली कथा एका चाकानें मोडली. ज्यांनीं ती लिहिली त्यांनीं गाडी उघडून पाहिली नव्हती. ज्यानें वर्गांत रंगवून सांगितली त्यानेंहि नाहीं.

ओवेन २०१२ सालीं वारले. पेंडाइन येथें वेगाच्या इतिहासाचें संग्रहालय झालें आहे आणि जेथें ती पुरली होती त्याच पुळणीजवळ बॅब्स लोकांस पाहावयास मिळते.

हें सर्व वाचनांत आल्यावर मी मुद्दाम तालुक्याच्या गांवीं त्या माजी विद्यार्थ्याच्या गॅरेजांत गेलों. तो आतां पन्नाशीकडे झुकला आहे. त्यानें फडक्याला हात पुसून मला स्टूल दिलें. मीं म्हटलें, “अरे, तूं मला एकदां एक प्रश्न विचारला होतास.” त्याला तो आठवत नव्हता. मीं सगळी हकीकत सांगितली. चाक आधीं, साखळी मागून. तो लक्षपूर्वक ऐकत होता. मग म्हणाला, “गुरुजी, पत्रा सगळा गेला होता म्हणतां. मग नव्याचीं मापें त्यांना कोठून मिळालीं?”

“जुन्या छायाचित्रांवरून.”

“अवघड आहे,” तो म्हणाला. “फार अवघड आहे.” आणि चहा सांगण्यासाठीं त्यानें हाताखालच्या पोराला हांक मारली.