सनई, सॅक्सोफोन आणि शेजारी

गेल्या वर्षी जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, बाबा सोलापूरहून तीन महिने आमच्याकडे राहायला आले होते. एका रविवारी पेंडल हिलच्या आमच्या छोट्या घरात चार-पाच मराठी कुटुंबं खिचडी-कढीला जमली. जेवणं झाल्यावर मी एक अल्बम लावला. विद्यापीठातल्या एका सहकाऱ्याने तो आग्रहाने ऐकायला सांगितला होता. मी तो तीनदा सुरू करून तीनदा अर्ध्यावर सोडला होता. चारचौघांत तरी पूर्ण ऐकून होईल, असा हिशेब होता.

अल्बमचं नाव ‘द रिअल वर्क’. २०२२ साली तो आला. वाजवणारी माणसं दोनच : कर्स्टी टिकल आणि जोनाथन बुले. दोघं मिळून ‘पार्टी डझन’. सिडनीतलीच जोडी. ती सॅक्सोफोन वाजवते, तो ड्रम्स. टिकल सॅक्सोफोनच्या कर्ण्यात माइक सोडते, त्यातून येणारा आवाज यंत्रांतून पिळून काढते आणि मध्येच त्याच कर्ण्यात तोंड घालून ओरडते. एका गाण्यात निक केव्हसारखा नामवंत गायक पाहुणा म्हणून येतो. तेवढं सोडलं तर शब्द जवळजवळ नाहीतच.

पहिल्या पाच मिनिटांतच मतं यायला लागली. एक मैत्रीण म्हणाली, “अगं, हे गाणं आहे की कुणाची गाडी बंद पडलीय?” तिचा नवरा पुण्यात कॉलेजला असताना मेटल ऐकायचा. त्याला ड्रम्स आवडले, पण गाणारा कुठे आहे हे कळेना. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी म्हणाली, “मध्ये एक चाल येते, ती धरून ठेवा. मग बाकीच्याचा त्रास होत नाही.” आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाबा म्हणाले, “ही सनई आहे. जोडीला हलगी. फक्त कुणीतरी तिला विजेचा झटका दिलाय.”

सगळे हसले. मीही हसले. पण माझं काम शहरांच्या इतिहासाचं आहे. रात्री भांडी विसळताना वाटायला लागलं की सगळ्यांत नेमकं मत बाबांचंच होतं.

सनई आणि सॅक्सोफोन, दोघांचीही नळी वरून खाली रुंदावत जाते. सनईला दुहेरी पात, सॅक्सोफोनला एकेरी. दोन्ही वाद्यं उघड्यावरची. अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर लष्करी बँडही होते. आपल्याकडे तर सनई-चौघड्याची जागाच दारावर. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर आजही नगारखाना आहे. तो वाजायचा तो दिवाणखान्यातल्या रसिकांसाठी नव्हे, गावासाठी : पहाट झाली, कुणी आलं, काही शुभ घडलं. तिथे आवाज मोठा असणं हा दोष नव्हता, ते कामच होतं. सनई बैठकीत आणताना काहींनी वाद्यालाच बदललं. आमच्या सोलापूरच्या जाधव घराण्याने लोकप्रिय केलेली सुंदरी ही सनईहून लहान, मैफलीत बसवलेली. बाबांनी लहानपणी दोन्ही ऐकलेली. म्हणून ‘पार्टी डझन’ ऐकताना त्यांना वाद्य चुकीचं वाटलं नाही, फक्त खोली लहान वाटली.

श्रोत्यांची मतं काळानुसार कशी फिरतात, याचंही एक उदाहरण आपल्या घरचंच आहे. नंदू भेंडे म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. सत्तरच्या दशकात तो मुंबईत इंग्रजी रॉक गायचा. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो ज्युडास होता. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडमध्येही तो गायला. या बँडचा ‘ऑब्सेशन ७७’ हा अल्बम बाजारात आला तो १९८१ मध्ये, आणि आला तसा विसरलाही गेला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने तो पुन्हा काढला, तेव्हा जगभरचे संग्राहक त्याच्यामागे लागले. तबकडीतला आवाज तोच होता. तीस वर्षांत बदलले ते कान.

मात्र नंदू भेंडेला मराठी श्रोता मिळायला तीस वर्षं लागली नाहीत. १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीने पु. लं.चं ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्यात तो अंकुश झाला आणि रॉकच्या ढंगात मराठीत गायला. एरवी ज्याला आपण ‘धांगडधिंगा’ म्हटलं असतं, ते नाट्यसंगीत आणि लावणीच्या शेजारी बसल्यावर प्रेक्षकांनी ऐकून घेतलं. शेजार बदलला की मतही बदलतं.

शेजारामुळे उलटंही घडतं. मुंबईत धोबी तलावाजवळचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह. १९७८ मध्ये तिथे ‘जॅझ यात्रा’ झाली आणि सनी रोलिन्सचा सॅक्सोफोन मुंबईकरांनी आकाशाखाली ऐकला. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथे भरायला लागलं. पण २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. आसपास रुग्णालय आणि कॉलेज असलेलं रंगभवन त्यात सापडलं आणि तिथलं संगीत थांबलं. रुग्णांची बाजू खोटी नव्हती. पण एक अख्खी पिढी जिथे ऐकायला शिकली, ती जागा गेली हेही खरंच.

हे सगळं मी लिहितेय त्याचं कारण वेगळं आहे. आमचं एक ढोल-ताशा पथक आहे. गणपतीच्या आधी दोन महिने आम्ही शनिवारी दुपारी एका मैदानात सराव करतो. बाबा असतानाच आमच्याविरुद्ध एक तक्रार आली. मैदानाच्या कडेला राहणाऱ्या कुणाची तरी. पत्र सभ्य होतं. आवाज असह्य आहे, एकसुरी आहे, थांबतच नाही, आणि यात संगीत कुठे आहे ते कळत नाही, असं त्यात लिहिलं होतं. पथकातले सगळे संतापले. उत्तराचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं.

मी बाणेदार उत्तर लिहायला बसले. न्यू साउथ वेल्सने २०२३ मध्ये कायद्यात केलेली सुधारणा डोक्यात होती. संगीताच्या ठिकाणाबद्दल तक्रार आली, तर तिथे आधी कोण होतं याला आता वजन दिलं जातं. ते वाचताना लक्षात आलं की हा युक्तिवाद आमच्या उपयोगाचा नाही. तो मद्यपरवाना असलेल्या जागांसाठी आहे आणि आमचं मैदान उघडं. शिवाय त्या घरातला माणूस आमच्या आधीपासून तिथे राहत असणार. आणि दुसरंही एक लक्षात आलं. त्या पत्रातलं प्रत्येक वाक्य त्या रविवारी माझ्याच घरात, माझ्याच पाहुण्यांनी, त्याच्याच शहरातल्या दोन वादकांबद्दल म्हटलेलं होतं. मी स्वतः तर तीनदा ते बंद केलं होतं.

मी मसुदा पुसला. बाबांना विचारलं, “तुम्ही काय लिहाल?” ते म्हणाले, “चौघडा वाजतो तेव्हा गावाला माहीत असतं तो कशासाठी वाजतोय. त्या माणसाला कुणी सांगितलंय का?”

कुणीच सांगितलं नव्हतं. सात वर्षं आम्ही त्याच्या खिडकीसमोर वाजवत होतो.

नवीन पत्र अर्ध्या पानाचं झालं. गणपती कधी आहेत, सराव किती शनिवार चालेल, कधी थांबेल, आणि ताशाची तर्री ढोलाच्या ठोक्यांमध्ये कुठे ऐकायची, हे त्यात लिहिलं. सरावाची वेळ एक तासाने कमी केली. पथकातल्या दोघांना ते पडखाऊ वाटलं. त्यांचा राग अजून गेलेला नाही. त्या घरातून उत्तर आलं नाही, पण दुसरी तक्रारही आली नाही. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळलेलं नाही.

बाबा परत गेले. ‘द रिअल वर्क’ मी आता शेवटपर्यंत ऐकते. त्या मुलीने सांगितल्याप्रमाणे चाल धरून ठेवते, आणि खिडकी उघडी ठेवत नाही.